उत्तर समुद्राच्या थंड पाण्यात स्कूबा: मालवणला शिकलेल्या व्यक्तीने तयारी कशी करावी?

रंकाळाकाठ

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. वय ४७. स्कूबाचे प्राथमिक आणि प्रगत असे दोन्ही प्रशिक्षणक्रम मी तारकर्लीला पूर्ण केले असून तेव्हापासून दर हंगामात मालवण आणि निवतीच्या पाण्यात बुड्या मारते. म्हणजे माझा सारा अनुभव २६ ते ३० अंश सेल्सिअसच्या, काहीशा गढूळ पण उबदार पाण्याचा आहे. तीन मिलिमीटरचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) आणि ॲल्युमिनियमचे सिलिंडर यांपलीकडची सामग्री मी वापरलेली नाही.

यंदा ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मी एडिनबरा येथे धाकट्या भावाकडे राहणार आहे. तिथून किनाऱ्याने आग्नेयेकडे गेले की सेंट ॲब्स हे मच्छिमारांचे छोटे गाव लागते, आणि आणखी दक्षिणेला, इंग्लंडच्या हद्दीत, सीहाउसेस बंदरासमोर फार्न बेटे आहेत. ही दोन्ही ठिकाणे उत्तर समुद्रातील बुड्यांसाठी नावाजलेली आहेत असे वाचले आणि मनाने उचल घेतली. त्यामागचे कारण सांगते. आपल्या पदवीच्या प्रयोगशाळांत अल्सिओनियम (मऊ प्रवाळ), मेट्रिडियम (समुद्रफूल), एकायनस (सी अर्चिन), ॲस्टेरियस (तारामासा) हे नमुने फॉर्मॅलिनच्या बरण्यांत पिढ्यान्पिढ्या ठेवलेले असतात. विद्यार्थी त्यांच्या आकृत्या काढतात, मीही काढल्या आणि आता काढून घेते. हे प्राणी प्रामुख्याने उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातले आहेत; आपल्या अभ्यासक्रमात ते आले ते इंग्रजी पाठ्यपुस्तकांबरोबर. बरणीत ते सगळे एकाच फिकट पिवळट रंगाचे दिसतात. ज्या प्राण्यांविषयी मी इतकी वर्षे बोलत आले, त्यांना एकदा त्यांच्या जागी, जिवंतपणी पाहावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. सील पाहायला मिळाले तर आनंदच आहे, परंतु मुख्य ओढ या खडकावरच्या प्राण्यांची आहे.

माझ्या शंका अशा आहेत. इतक्या थंड पाण्यासाठी ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख) शिकणे अपरिहार्य आहे का, की जाड वेटसूट पुरेल? माझ्या मुक्कामाच्या काळात कोणते आठवडे अधिक योग्य ठरतील? सीलांच्या सान्निध्यात पाण्यात वागावे कसे? आणि शेवटची, थोडी वैयक्तिक शंका: गेल्या वर्षापासून मला रक्तदाबासाठी सौम्य मात्रेची एक गोळी सुरू झाली आहे. रक्तदाब आटोक्यात आहे. थंड पाण्यात त्याचा काही वेगळा विचार करावा लागतो का? निघण्यापूर्वी एप्रिल-मे महिन्यांत मालवणला दोन-तीन दिवसांचा सराव करण्याचा बेत आहे. त्या सरावात नेमके काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तरकिनारा

ताई, नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षे न्यूकॅसलला होतो आणि या दोन्ही ठिकाणी ऋतुमानाप्रमाणे बुड्या मारल्या आहेत. आता कोल्हापुरात, नागाळा पार्कात स्थायिक आहे. आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण सील सोडून खडकाविषयी विचारणारे माणूस क्वचितच भेटते.

आधी काळाविषयी. त्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी सर्वांत थंड फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, सुमारे ५ ते ६ अंश. आणि सर्वांत उबदार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सुमारे १३ ते १४ अंश. वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत, प्लवकांची वाढ इतकी होते की पाणी हिरवट-धुरकट बनते. उन्हाळा सरता सरता ते पुन्हा निवळते. म्हणून सप्टेंबरचा पूर्ण महिना आपल्याला अनुकूल आहे आणि तोच धरावा. पफिन पक्षी मात्र जुलैअखेरपर्यंत बेटे सोडून समुद्रात निघून गेलेले असतात आणि कड्यांवरचे गिलेमॉटही त्याच सुमारास जातात. पाण्याखाली पंख मारत मासे धरणारा गिलेमॉट पाहण्याचा योग यावेळी येणार नाही.

आता १३ अंश म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. डिसेंबरच्या पहाटे कोल्हापुरात हवा १४-१५ अंशांवर येते आणि आपण स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरायला जातो. पाण्याचे गणित तसे नसते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. वेटसूट शरीराभोवती पाण्याचा पातळ थर अडकवतो, तर त्याची स्वतःची ऊब निओप्रीनमधल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांत असते. खाली गेल्यावर दाबाने ते बुडबुडे आक्रसतात आणि नेमकी जिथे ऊब हवी असते तिथे सूट पातळ होतो. ड्रायसूटमध्ये पाणी आत येतच नाही. मान आणि मनगटे यांच्याशी घट्ट बसणाऱ्या पट्ट्या पाणी अडवतात, आत लोकरीसारखे जाड अंतर्वस्त्र असते आणि ऊब राखते ती त्या अंतर्वस्त्रात कोंडलेली हवा. पातळ कापडी ड्रायसूट स्वतः जवळपास काहीच ऊब देत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ते सूट चांगला निवडतात आणि आतले कपडे हलके घालतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की आपण ड्रायसूटचा प्रशिक्षणक्रम करावा आणि तो तिथेच, पहिल्या आठवड्यात करावा. त्यात बहुधा जलतरण तलावातील एक सत्र आणि समुद्रातील दोन बुड्या असतात. हे प्रशिक्षण टाळून नुसता सूट भाड्याने घेऊन पाण्यात उतरणे धोक्याचे आहे, कारण ड्रायसूटमधली हवा ही सांभाळावी लागणारी वेगळी गोष्ट आहे. खाली जाताना दाबाने ती आकसते आणि सूट अंगाला चिमटे घेऊ लागतो, म्हणून छातीवरच्या झडपेतून थोडी थोडी हवा आत घ्यावी लागते. वर येताना तीच हवा फुगते आणि डाव्या दंडावरच्या झडपेतून वेळेवर सोडावी लागते. डोके खाली व पाय वर अशी स्थिती झाली तर हवा पायांकडे धावते, तिथे तिला बाहेर पडायला वाट नसते आणि माणूस पायांकडून वर ओढला जाऊ लागतो. अशा वेळी अंग गोळा करून, उलटी कोलांटी घेऊन पाय पुन्हा खाली आणायचे असतात. ही हालचाल प्रशिक्षकासमोर तलावात करून पाहावी लागते. वाचून ती अंगवळणी पडत नाही. शिशाचे वजनही मालवणच्या दुपटीहून अधिक लागेल. त्याचा भार कमरेवर आणि पाठीवर येतो, त्यासाठी शरीराची तयारी ठेवावी.

रेग्युलेटरविषयी, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला योग्य दाबाने देणाऱ्या उपकरणाविषयी, थोडक्यात. सिलिंडरमधली दाबाखालची हवा प्रसरण पावताना थंड होते आणि पाणी मुळातच थंड असेल तर रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, बर्फ धरून हवा अखंड वाहू लागते. युरोपीय मानक ईएन २५० नुसार १० अंशांखालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी असते. सप्टेंबरमध्ये आपण त्या रेषेच्या वरच असाल, तरी आपला मालवणचा रेग्युलेटर नेण्यापेक्षा तिथलाच, थंड पाण्यासाठी बनवलेला, भाड्याने घ्यावा.

सेंट ॲब्सविषयी लिहिताना मला आवर घालावा लागेल. १९८४ साली तिथले मच्छिमार, डायव्हर आणि निसर्गप्रेमी यांनी मिळून सेंट ॲब्स आणि आयमाउथ यांच्यामधला किनारा स्वेच्छेने राखीव सागरी क्षेत्र म्हणून राखायला घेतला. डायव्हरनी तिथून कोणताही सजीव उचलायचा नाही, हा त्याचा मुख्य संकेत आहे. बंदराच्या धक्क्यालगतच्या खडकांवरून सरळ पाण्यात उतरता येते, नावेची गरज नसते. पहिल्या काही मीटरांत केल्प या मोठ्या समुद्री शैवालाचे रान लागते. लॅमिनेरिया हायपरबोरियाचे ताठ दांडे आणि वर पसरलेली पाती यांच्यात शिरताना मला उसाच्या फडाची आठवण होत असे. दांड्यांच्या मधून वाट काढावी लागते आणि वरून उजेड तुटक तुटक खाली येतो. केल्पची मुळे अन्न शोषत नाहीत, ती फक्त खडक धरून ठेवतात, पण त्या मुळांच्या गुंत्यात आणि दांड्यांवर किती जीव राहतात हे प्राणिशास्त्राच्या शिक्षिकेला मी काय सांगावे? दांडे लाल शैवालांनी भरलेले असतात, त्यांवर चिमुकल्या निळ्या रेघांचे शंखधारी चरत असतात.

केल्प संपते तिथे आपल्या बरण्यांतले प्राणी सुरू होतात. उभ्या खडकावर अल्सिओनियम, म्हणजे त्या लोकांच्या भाषेत मेलेल्या माणसाची बोटे, पांढऱ्या आणि नारिंगी रंगांत इतके दाट असते की खडक दिसत नाही. मेट्रिडियमचे पांढरे आणि केशरी झुबके प्रवाहाच्या तोंडाशी उभे असतात. एकायनस एस्क्युलेंटस हा गुलाबी-जांभळा सी अर्चिन हाताच्या दोन्ही ओंजळींत मावेल एवढा मोठा होतो. निळा युरोपीय लॉब्स्टर, मोठे खाद्य-खेकडे, बॅलन रास हा जाड ओठांचा मासा हे सगळे तिथेच. आणि खडकांच्या कपारींत पाहायला विसरू नका: तिथे वुल्फफिश असतो. राखाडी-निळ्या अंगावर आडवे पट्टे, थोराड जबडा आणि त्यातून बाहेर डोकावणारे दात. तो सी अर्चिन, खेकडे आणि शिंपले फोडून खातो. त्याचे झिजलेले दात दरवर्षी गळून नवे येतात आणि रक्तात थंडीने बर्फ होऊ न देणारी प्रथिने असतात. ब्रिटनमध्ये हा मासा सामान्य डायव्हरला दिसेल अशा खोलीवर आढळण्याच्या जागा फार थोड्या आहेत, सेंट ॲब्स त्यांपैकी एक. लहान टॉर्च न्यावाच, कारण दहा मीटरखाली लाल रंग पाण्याने गिळलेला असतो आणि टॉर्चशिवाय सगळा खडक पुन्हा बरणीतल्यासारखा फिकटच दिसेल.

वाऱ्याकडे मात्र लक्ष ठेवावे. पूर्वेचा वारा सुटला की तो किनारा सरळ लाटांच्या तोंडी येतो, पाणी ढवळते आणि बुड्या रद्द होतात. १४ ऑक्टोबर १८८१ रोजी अचानक आलेल्या वादळात या किनाऱ्यावरचे १८९ मच्छिमार बुडाले, त्यांतले १२९ एकट्या आयमाउथ गावचे होते. तिथले नावाडी हवामानाबाबत घासाघीस करत नाहीत. त्यांनी नाही म्हटले की नाही. म्हणून तारखा एकाच शनिवार-रविवारी कोंबू नयेत, दोन-तीन पर्यायी दिवस मोकळे ठेवावेत.

कर्लीचं पाणी

ताई, मी मूळचा मालवणचा, हल्ली कामासाठी कोल्हापुरात असतो. वरचे उत्तर फार मोलाचे आहे. ड्रायसूटच्या मुद्द्यावर मात्र माझे थोडे वेगळे मत नोंदवतो. पाणी १३ अंश आणि बुडी ३० ते ३५ मिनिटांची असेल, तर सात मिलिमीटरचा, मनगटांशी व घोट्यांशी आतली पट्टी असलेला सेमी-ड्राय सूट, जाड हूड आणि पाच मिलिमीटरचे हातमोजे एवढ्यावर अनेक लोक सप्टेंबरमध्ये तिथे उतरतात. नव्या जागी, नव्या पाण्यात, नवीन प्राणी पाहायचे असताना नवीन यंत्रणाही एकदम शिकायची, याचा ताण येऊ शकतो. मन त्या झडपांतच गुंतून राहिले तर खडक पाहायचा राहून जाईल.

दृश्यतेची काळजी आपण करू नये. मालवणला गढूळ पाण्यात शिकलेला माणूस पाच-सहा मीटर दिसले तरी खूश असतो आणि जोडीदाराला नजरेआड होऊ देत नाही. ही सवय तिथे फार उपयोगी पडेल. भरती-ओहोटीचेही तसेच आहे. आपल्याकडे मच्छिमार भांग (पाण्याची चढ-उतार कमी असते ते दिवस) आणि उधाण (ती सर्वाधिक असते ते दिवस) पाहून जाळी टाकतात. फार्न बेटांपाशी हा विचार अधिकच काटेकोरपणे करावा लागतो, कारण उधाणाच्या दिवशी तिथे पाण्याची चढ-उतार चार मीटरांच्या आसपास असते आणि बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून प्रवाह जोरात धावतो. भांगाच्या दिवसांतली तारीख मागावी आणि भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्याच्या वेळेत बुडी असेल, याची नावाड्याकडून खात्री करून घ्यावी.

मालवणच्या सरावाबद्दल: उथळ पाण्यात मास्क काढून फक्त रेग्युलेटरने शांतपणे श्वास घेण्याचा सराव भरपूर करावा. थंड पाणी उघड्या चेहऱ्याला लागले की माणूस आपोआप दचकून श्वास ओढतो. हेच कोल्हापुरात अंबाई टँक या जलतरण तलावावर स्नॉर्केल लावून, मास्कशिवाय, चेहरा पाण्यात बुडवूनही करता येईल. थंडीतल्या सकाळी केलेले अधिक चांगले, पण उन्हाळ्यातही त्याचा उपयोग होतोच. शिवाय जाड हातमोजे घालून बीसीडीची (तरंगणे सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जाकिटाची) बकले, वजनपट्ट्याची कडी आणि टॉर्चचे बटण यांची उघडझाप करून पाहावी. मालवणच्या उन्हात हे विचित्र दिसेल, पण बोटांना सवय लागते.

भूलतज्ज्ञ, राजारामपुरी

नमस्कार. भूलशास्त्रातून निवृत्त झालो आहे, आणि डायव्हिंगशी संबंधित वैद्यकाचा अभ्यास आवडीने केला आहे. रक्तदाबाचा प्रश्न आपण येथे मांडला हे अतिशय योग्य केलेत. बरेच डायव्हर तो फॉर्मवरही लिहीत नाहीत.

पाण्यात उतरताच शरीराभोवतीच्या दाबामुळे हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते. पाणी थंड असेल तर त्वचेतील रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात आणि आणखी रक्त मध्यभागी जमा होते. हृदयावर आणि फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर त्याचा भार येतो. काही व्यक्तींमध्ये या वाहिन्यांतून द्रव फुप्फुसांत झिरपतो. या विकाराला इमर्शन पल्मनरी एडीमा म्हणतात. थंड पाणी, उच्च रक्तदाब, वाढते वय, छातीभोवती घट्ट बसणारा सूट, पाण्यातले अतिश्रम हे त्याचे ज्ञात धोके आहेत. लक्षणे ओळखता आली पाहिजेत: केलेल्या श्रमांच्या मानाने फारच जास्त धाप लागणे, खोकला येणे, छातीत घरघर होणे, कधी गुलाबी फेसाळ थुंकी येणे. बरेचदा हे घाबरण्याचे लक्षण समजून माणसाला धीर देत पाण्यातच ठेवले जाते आणि तिथे वेळ वाया जातो. अशी धाप लागली तर बुडी तत्काळ थांबवावी, सुरक्षित वेगाने वर यावे, पाण्याबाहेर पडावे, ताठ बसावे आणि ऑक्सिजन घ्यावा. किनाऱ्यावर असाल तर ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागावे.

हे वाचून बेत रद्द करू नये. नियंत्रणातील सौम्य रक्तदाब असूनही डायव्हिंग करणारे पुष्कळ आहेत. मात्र गोळी कोणती आहे याला महत्त्व आहे. बीटा ब्लॉकर गटातील औषधे श्रम करण्याची क्षमता कमी करतात आणि या विकाराच्या संदर्भात त्यांच्याविषयी विशेष सावधगिरी सांगितली जाते. एसीई इन्हिबिटर गटातील औषधांमुळे काहींना कोरडा खोकला येतो, तो पाण्याखाली त्रासदायक ठरतो आणि वरच्या लक्षणाशी त्याची गल्लतही होऊ शकते. निघण्यापूर्वी हृदयतज्ज्ञांकडून श्रमचाचणी करून घ्यावी, आणि ब्रिटनमध्ये डायव्हिंग-वैद्यकाचे ज्ञान असलेल्या डॉक्टरांना कागदपत्रे दाखवून त्यांची लेखी संमती घ्यावी. तिथल्या केंद्रांतील वैद्यकीय प्रश्नावलीत रक्तदाबाचा प्रश्न असतोच आणि होकारार्थी उत्तरावर डॉक्टरांची सही मागितली जाते. ऐनवेळी तिथे पोचल्यावर ती मिळवण्यात आठवडा जाऊ शकतो.

थंडीत लघवीचे प्रमाण वाढते. सूट घातल्यावर अडचण नको म्हणून, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. तसे करू नये, कारण शरीरात पाणी कमी असेल तर विसंपीडन विकाराची (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या विकाराची) शक्यता वाढते असे मानले जाते. पाणी नेहमीप्रमाणे प्यावे आणि सूट चढवण्याच्या अगदी आधी जाऊन यावे. दुसरे असे की, खाली उबदार व कामात असताना शरीर नायट्रोजन भराभर शोषते आणि वर येताना गारठलेले असेल तर तो सावकाश बाहेर टाकते. थंड पाण्यात म्हणूनच मनगटावरच्या डायव्हिंग-संगणकाने दिलेल्या मर्यादेच्या बरेच आत राहावे.

आता आपल्या कोल्हापूरकरांसाठी एक मुद्दा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. मालवणचा सराव संपवून त्याच संध्याकाळी गगनबावड्याने किंवा फोंडा घाटाने परत येण्याची आपल्याकडे सरसकट पद्धत आहे. डायव्हिंगनंतर उंचीवर जाण्याविषयीच्या प्रचलित मार्गदर्शनात सुमारे ६०० मीटर उंचीपासून पुढे वाट पाहण्याचे तास सांगितलेले आहेत: एकच, विसंपीडन-थांबा (वर येताना वायू बाहेर पडण्यासाठी घ्यावा लागणारा सक्तीचा थांबा) न लागणारी बुडी असेल तर किमान १२ तास, आणि एकाहून अधिक बुड्या किंवा सलग काही दिवसांच्या बुड्या असतील तर किमान १८ तास. आपले घाटमाथे त्या मर्यादेच्या आसपास किंवा तिच्या वर आहेत. दोन-तीन दिवस रोज बुड्या मारून सूर्यास्ताला घाट चढणे म्हणजे ती मर्यादा उघडपणे मोडणे होय. शेवटची बुडी सकाळी उरकावी, रात्री मालवणलाच राहावे आणि दुसऱ्या दिवशी सावकाश निघावे. सेंट ॲब्सहून एडिनबऱ्याचा रस्ता किनाऱ्याच्या बाजूने जातो, तिथे हा प्रश्न येत नाही. परतीच्या विमानाआधी मात्र पूर्ण २४ तास मोकळे ठेवावेत.

आणि सीलांविषयी एक वैद्यकीय टीप. सील चावला किंवा त्याच्या तोंडाचा उघड्या जखमेशी संबंध आला, तर बोटाला तीव्र सूज व वेदना आणणारा संसर्ग होऊ शकतो, त्याला सील फिंगर असेच म्हणतात. त्यावर नेहमीचे पेनिसिलीन चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातील औषध द्यावे लागते. डॉक्टरांना सीलचा उल्लेख आवर्जून करावा.

रंकाळाकाठ

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेब, माझी गोळी ॲम्लोडिपिन आहे, म्हणजे आपण सांगितलेल्या दोन्ही गटांतली नाही. श्रमचाचणी आणि लेखी संमती या दोन्ही गोष्टी मेअखेरपर्यंत करून घेईन. घाटाचा मुद्दा आमच्या संपूर्ण गटाला कळवला आहे, कारण आम्ही सगळेच त्याच संध्याकाळी परतत आलो आहोत.

उत्तरकिनारा, सेमी-ड्राय सूटविषयी वर जे मत आले आहे त्यावर आपले काय म्हणणे आहे? आणि सीलांबाबत आपण काहीच लिहिले नाही, तेही वाचायला आवडेल.

उत्तरकिनारा

सेमी-ड्राय सूटमध्ये पहिली बुडी चांगली होते, हे मला मान्य आहे. अडचण बुडीनंतर सुरू होते. ओल्या निओप्रीनमध्ये उघड्या नावेत वाऱ्यावर तासभर बसून माणूस जो गारठतो, तो दुसऱ्या बुडीत पुन्हा ऊब धरत नाही, आणि फार्न बेटांची सहल सहसा दोन बुड्यांची असते. आपल्याला खडकासमोर थांबून, हळूहळू, एकेक प्राणी पाहायचा आहे. जो पोहत राहतो त्याला ऊब मिळते. जो निरीक्षण करत एका जागी थांबतो तो लवकर थंड पडतो. ज्यांना नुसते फिरून यायचे आहे त्यांच्यासाठी सात मिलिमीटर ठीक आहे, आपल्यासाठी मी ड्रायसूटच सुचवीन. ताणाचा मुद्दाही खरा आहे. त्यासाठी पहिल्या दोन बुड्या केवळ सूट शिकण्यासाठी द्याव्यात, त्यांत काही पाहण्याची अपेक्षाच धरू नये. अंतर्वस्त्र मात्र भाड्याच्या सैल मापाचे घेऊ नका, स्वतःच्या मापाचे विकत घ्या. शिवाय छाती आवळणारा सूट नको, असे डॉक्टरांनी सांगितलेच आहे. तो निकष निवडताना ध्यानात ठेवावा.

आता सील. फार्न बेटांवर करड्या सीलांची मोठी वसाहत असून तिथे अलीकडच्या वर्षांत दर हिवाळ्याच्या तोंडावर दोन हजारांहून अधिक पिल्ले जन्मतात. जगातील करड्या सीलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ब्रिटिश बेटांच्या किनाऱ्यांवर राहतात. प्रसूतीचा काळ ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये शिगेला पोचतो. पांढऱ्या लोकरीच्या पिल्लाला आई सुमारे तीन आठवडे अतिशय स्निग्ध दूध पाजते आणि मग सोडून जाते. त्या दिवसांत माद्या आणि नर दोघेही आक्रमक असतात, प्रौढ नराचे वजन ३०० किलोपर्यंत जाऊ शकते, आणि माणसाच्या वर्दळीने बिथरलेली आई पिल्लापासून दूर झाली तर पिल्लू उपाशी मरू शकते. म्हणून सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. तेव्हा पाणी उबदार असते, नुकती वयात येऊ लागलेली सील खेळकर असतात आणि प्रसूती सुरू झालेली नसते.

पाण्यात पाच ते दहा मीटरांवर, केल्पच्या कडेला एखादी जागा धरून शांत बसून राहावे. सीलांच्या मागे पोहत जाऊ नये. ते आपल्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत, पाठलाग केला की क्षणात निघून जातात. स्थिर माणसाकडे मात्र ते कुतूहलाने परत परत येतात, आणि बहुधा पाठीमागून. फिन्स ओढली गेली तर दचकू नका, तोंडाने फिन्स चाचपणे ही त्यांची ओळख करून घेण्याची रीत आहे. हात पुढे करू नये, खायला देऊ नये, आणि त्यांचा पृष्ठभागाकडे जाण्याचा मार्ग अडवू नये, कारण त्यांनाही श्वास घ्यायला वर जावेच लागते. सील दूर निघून जात असतील, डोळे मोठे करून फुत्कार सोडत असतील, तर आपण मागे सरावे. खडकावर पहुडलेल्या कळपाजवळून नाव नेऊन त्यांना पाण्यात उड्या मारायला लावणारे नावाडी टाळावेत. चांगले नावाडी लांब थांबतात आणि आपल्याला शांतपणे पाण्यात सोडतात.

जाताजाता अल्सिओनियमविषयी, कारण आपण त्यासाठीच निघाला आहात. उन्हाळा सरल्यापासून ते डिसेंबरच्या सुमारापर्यंत त्याच्या बऱ्याच वसाहती अन्न घेणे थांबवतात, पॉलिप (वसाहतीतले फुलासारखे एकेक जीव) आत ओढून घेतात आणि त्यांच्या कातडीवर शैवालाचा व हायड्रॉइडचा (झुडपासारख्या बारीक प्राण्यांचा) लालसर-तपकिरी थर चढतो. पुढे ती कातडी गळून पडते आणि पांढरीशुभ्र वसाहत पुन्हा उमलते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये एकाच खडकावर काही वसाहती पूर्ण उमललेल्या आणि काही मिटून तांबूस पडलेल्या, अशा दोन्ही अवस्था शेजारी शेजारी आपल्याला दिसू शकतील. दोन्हींची छायाचित्रे घ्या. विद्यार्थ्यांना एकाच प्राण्याची ही दोन रूपे दाखवता येतील. सिंहाच्या आयाळीसारखे तंतू असलेला तांबडा जेलीफिश सायनिया कॅपिलाटा त्या काळात पाण्यात असू शकतो, त्याचे तंतू फार लांब असतात आणि ओठांची उघडी त्वचा तेवढी त्यांच्या तावडीत सापडते. वर येताना डोके वर करून, हळू, आजूबाजूला पाहत यावे.